अँथनी जॉन्सनचे अडीचशे एकर

चेसापीकचा कावळा (धागाकर्ता)

बाबा यंदा तीन महिने आमच्याकडे व्हर्जिनियात होते. सेवानिवृत्त भूकरमापक. स्मारकं, संग्रहालयं, मॉल सगळं दाखवून झालं, पण चेहरा कायम दुसरी पंगत बसायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. शेवटी एका शनिवारी जेम्सटाऊनला नेलं. तिथेही पहिला तासभर तेच. मग एका फलकावर त्यांनी एक शब्द वाचला आणि मला हाक मारली, "अरे, हे हेडराइट म्हणजे काय?" तिथून पुढे परतीच्या विमानात बसेपर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. त्या गप्पांतून जे हाती लागलं ते इथे टाकतो आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, चुकलो तर खुशाल टोका.

आधी पार्श्वभूमी. मे १६०७ मध्ये लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची तीन जहाजं जेम्स नदीत शिरली. १०४ पुरुष आणि मुलगे उतरले. कंपनीला सोनं हवं होतं, सोनं नव्हतं. पाणी मचूळ, दलदल, डास, आणि आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आयुष्यात कुदळ धरलेली नाही. ज्यांच्या जमिनीवर हे उतरले ते पौहॅटन लोक मका द्यायचे तेव्हा जेवण, नाहीतर उपास. १६०९-१० चा हिवाळा 'उपासमारीचा काळ' म्हणूनच ओळखला जातो. शेकडोंपैकी जेमतेम ६० जण वसंत ऋतू पाहायला उरले. तिथल्या संग्रहालयात चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी आहे, २०१२ च्या उत्खननात सापडलेली. तिच्यावर सुरीचे घाव आहेत, मेल्यानंतरचे. का, ते सांगायला नको. बाबा तिथे थांबले नाहीत, मीही नाही.

कंपनीला वाचवलं तंबाखूनं. स्थानिक तंबाखू जहाल होता, इंग्लंडात खपेना. जॉन रॉल्फ नावाच्या गृहस्थाने १६१२ च्या सुमारास कॅरिबियनकडचं गोड जातीचं बियाणं लावलं आणि ते पीक धरलं. (पौहॅटन प्रमुखाची मुलगी पोकाहॉन्टस, तिचा नवरा तो हाच.) तंबाखू म्हणजे रोपं, लावणी, खुडणी, अळ्या वेचणं, पानं सुकवणं. वर्षभर माणूस लागतो आणि चारसहा वर्षांत जमिनीचा कस जातो, की पुढचं रान तोडा. म्हणजे जमीन हवी भरपूर आणि हात हवेत त्याहून भरपूर.

आता बाबांचा हेडराइट. १६१८ मध्ये कंपनीने नियम केला की जो स्वतःच्या खर्चाने एक माणूस समुद्रापलीकडून आणील त्याला त्या डोईमागे ५० एकर. नीट वाचा. येणाऱ्याला नाही, आणणाऱ्याला. इंग्लंडातला गरीब पोरगा चार ते सात वर्षांच्या कराराने स्वतःला बांधून घ्यायचा. राबायचा तो, जगला तर सुटायचा, आणि त्याच्या नावाची ५० एकर मात्र मालकाच्या खात्यावर आधीच चढलेली. पुढे हे हक्क विकले-घेतलेही जात. एकाच माणसावर जहाजाचा कप्तान, व्यापारी आणि मळेवाला असे तिघे जण हक्क सांगायचे, असेही प्रकार झाले. हे ऐकल्यावर बाबा जे हसले! "म्हणजे माणूस हीच पावती," म्हणाले. "आणि पावतीची झेरॉक्स."

आणि १६१९. एकाच उन्हाळ्यातल्या दोन गोष्टी. ३० जुलैला जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये वसाहतीतल्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. अमेरिकी लोकशाहीचं पाळण्यातलं बारसं म्हणून त्याचे सोहळे होतात. ऑगस्टच्या अखेरीस, नदीच्या मुखाशी पॉइंट कम्फर्टला 'व्हाइट लायन' नावाचं लुटारू जहाज आलं. त्यावर आफ्रिकी माणसं होती. रॉल्फने कंपनीला कळवलेला आकडा आहे 'वीस आणि काही'. ती माणसं मुळात लुआंडाहून, म्हणजे आजच्या अंगोलातून, 'साओ जोआओ बाऊतिस्ता' या पोर्तुगीज गुलामजहाजावर मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझकडे चालली होती. निघताना ३५० होती. 'व्हाइट लायन' आणि 'ट्रेझरर' या दोन इंग्रज जहाजांनी मेक्सिकोच्या आखातात ते जहाज गाठून काही माणसं पळवली. पॉइंट कम्फर्टला त्यांच्या बदल्यात जहाजाने काय घेतलं? शिधा.

तीन-चार दिवसांनी 'ट्रेझरर'ही येऊन गेलं. त्यावरून आलेल्या एका बाईचं नाव कागदात टिकलंय, अँजेला. १६२५ च्या खानेसुमारीत ती जेम्सटाऊनच्या कॅप्टन पिअर्सच्या घरात आहे.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. त्या वेळी व्हर्जिनियात गुलामीचा कायदाच नव्हता. मग ही माणसं कोण होती? गुलाम की मुदतीचे नोकर? आणि सगळं आधीच ठरलेलं होतं म्हणावं तर अँथनी जॉन्सनचं काय करायचं?

तो १६२१ मध्ये आला. कागदात 'अँटोनियो, निग्रो' एवढंच. बेनेटच्या मळ्यावर होता. पुढल्याच मार्चमध्ये पौहॅटनांच्या हल्ल्यात त्या मळ्यावरचे बहुतेक मेले, हा वाचला. त्याच वर्षी मेरी नावाची आफ्रिकी बाई तिथे आली, दोघांचा संसार झाला. मधली काही वर्षं कागद गप्प आहेत. मग हे जोडपं चेसापीक उपसागरापलीकडे, नॉर्थॅम्प्टन काउंटीत, स्वतंत्र दिसतं. गुरं आहेत, मुलं आहेत, आडनाव आहे. आणि १६५१ मध्ये पाच डोयांच्या हेडराइटवर २५० एकर जमीन अँथनीच्या नावे झाली. १६५३ मध्ये घर जळालं तर त्याने कोर्टात अर्ज केला आणि कोर्टाने त्याच्या बायकोची आणि दोन मुलींची डोईपट्टी आयुष्यभरासाठी माफ केली.

साखळदंडातून अडीचशे एकर, तीस वर्षांत. मग याची नातवंडं गुलामांच्या देशात का वाढली, हे मला कुणीतरी कायद्याच्या भाषेत समजावून सांगा.

---

तिरफळ

वाखुसा (वाचनखूण साठवली). सावकाश वाचून लिहिते. तुमच्या बाबांना दंडवत.

---

रोखठोक_रावसाहेब

अर्धीच गोष्ट सांगितलीत. याच अँथनी जॉन्सनने पुढे जॉन केसर नावाच्या दुसऱ्या आफ्रिकी माणसाला कोर्टात जाऊन जन्मभराचा गुलाम ठरवून घेतलं. म्हणजे अमेरिकेतला पहिला गुलाममालक काळाच होता. हे सांगायला पुरोगामी मंडळींची जीभ का अडखळते? शिवाय आयरिश गोरे गुलामही होतेच की.

---

अर्धवकील

रावसाहेब, व्हॉट्सॲपवरून आलेला निम्मा माल खरा असतो, म्हणूनच तो विकला जातो. एकेक घेऊ.

केसरचा खटला खरा आहे. केसर म्हणाला, मी सात-आठ वर्षांच्या कराराने आलो, मुदत संपली, हा सोडत नाही. शेजारच्या पार्कर बंधूंनी त्याची बाजू घेतली आणि एकाने त्याला आपल्याकडे कामाला नेलं. (पार्करांना केसरच्या स्वातंत्र्याचा कळवळा होता की फुकट गड्याचा, हे तुम्हीच ठरवा.) जॉन्सन आधी कचरला, मग कोर्टात गेला. मार्च १६५५ मध्ये निकाल लागला की केसर जॉन्सनचाच, आणि खर्च पार्करने भरायचा.

आता 'पहिला'. त्याआधी पंधरा वर्षं, १६४० मध्ये, तीन नोकर मालकाकडून पळून मेरीलंडमध्ये सापडले. एक डच, एक स्कॉट, तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकी. तिघांना फटके. डच आणि स्कॉट यांची मुदत चार-चार वर्षांनी वाढली. जॉन पंचला शिक्षा झाली जन्मभर मालकाची चाकरी करण्याची. गुन्हा एक, रात्र एक, वाट एक. शिक्षेत फरक कशाचा, हे निकालपत्रात कारण म्हणून लिहायचीही कुणाला गरज वाटली नाही. तिकडे उत्तरेला मॅसॅच्युसेट्सने १६४१ च्या संहितेत गुलामीला जागा करून दिली होती. तेव्हा जॉन्सन पहिला नव्हे, पहिल्यांतला नव्हे. तो असा माणूस होता ज्याने आजूबाजूला काय चालतं ते पाहून तेच केलं. त्याचं कौतुक नको, आणि त्याच्या पाठीआड लपायलाही नको.

आयरिश, स्कॉट, इंग्रज मुदतीचे नोकर भयानक हाल सोसत होते, मुदत संपायच्या आत कितीतरी मरत होते. पण त्यांच्या कागदावर तारीख होती, ते मालकाविरुद्ध कोर्टात उभे राहू शकत होते, आणि त्यांचं मूल जन्मतः मालकाचं नव्हतं. तिसरा मुद्दाच सगळ्यात मोठा. त्यावर रात्री लिहितो, आत्ता तारखेला जायचंय.

---

माजघर

धागा आवडला, पण एक खटकलं. 'ज्यांच्या जमिनीवर हे उतरले ते पौहॅटन' असं एका ओळीत उरकलंत. डोईमागे ५० एकर कंपनीच्या बापजाद्यांची होती का?

तीसएक जमातींचा तो संघ होता, प्रमुख वाहुनसेनाका, ज्याला इंग्रज पौहॅटनच म्हणत. तंबाखूने कस गेला की नवं रान, म्हणजे त्यांची शेतं, त्यांच्या शिकारीच्या जागा. त्याच्यानंतर ओपेचानकानोने २२ मार्च १६२२ ला एकाच सकाळी सगळीकडे हल्ला केला, ३४७ इंग्रज मारले गेले. वसाहतीतला साधारण चौथा माणूस. इंग्रजी पुस्तकांत याला अजून कत्तल म्हणतात, त्यानंतर दहा वर्षं इंग्रजांनी जे केलं त्याला मोहीम. दोनच वर्षांत कंपनीची सनद गेली आणि राजाचा अंमल आला. १६४४ ला म्हातारपणी त्याने पुन्हा उठाव केला, पकडला गेला, कैदेत असताना एका शिपायाने पाठीत गोळी घातली.

आणि गुलामी फक्त आफ्रिकी लोकांची नव्हती. न्यू इंग्लंडमध्ये पेक्वोट या स्थानिक जमातीविरुद्धच्या युद्धात पकडलेले लोक कॅरिबियनमध्ये विकले आणि १६३८ मध्ये 'डिझायर' नावाचं तेच जहाज परतताना आफ्रिकी माणसं घेऊन आलं. कॅरोलिनात तर सुरुवातीची कित्येक वर्षं स्थानिकांना पकडून बाहेर विकणं हा भरभराटीचा धंदा होता.

---

चेसापीकचा कावळा

माजघर, चूक मान्य. बाबांनीही हेच विचारलं होतं, त्यांच्या पद्धतीने: "मूळ खातेदार कोण? त्याला नोटीस बजावली का?"

एक भर घालतो. पामुंकी आणि मॅटापोनी या जमाती आजही इथे आहेत आणि सतराव्या शतकातल्या तहाप्रमाणे दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास रिचमंडला गव्हर्नरच्या दारात हरणाची भेट आणून देतात. जमीन गेली, सारा चालू आहे.

---

कोरडवाहू

अवांतर: तंबाखू हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि पानही. असद बेगने अकबराच्या दरबारात तंबाखू नेला तो विजापुराहून, म्हणजे जेम्सटाऊन वसायच्याही दोनतीन वर्षं आधी. माझे आजोबा चंची सोडल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नसत. या पानापायी कुठे काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही, बरं झालं.

---

अर्धवकील

आलो. तो तिसरा मुद्दा, मूल कुणाचं याचा.

इंग्लंडच्या रूढ कायद्यात मूल बापाचं. नाव, दर्जा, वारसा सगळं बापाकडून. आता व्हर्जिनियात एलिझाबेथ की नावाची बाई होती. आई आफ्रिकी, बाप थॉमस की हा इंग्रज, वसाहतीच्या प्रतिनिधिसभेतला. बापाने तिला नऊ वर्षांच्या मुदतीवर तिच्या धर्मपित्याकडे ठेवलं आणि तो वारला. ती पुढे दुसऱ्या मालकाकडे गेली, नऊची एकोणीस वर्षं झाली. १६५५ मध्ये तो मालकही मेला, तर त्याच्या मालमत्तेच्या यादीत हिचं नाव गुलाम म्हणून. ती कोर्टात गेली. म्हणणं साधं होतं. माझा बाप स्वतंत्र इंग्रज, मी बाप्तिस्मा झालेली ख्रिस्ती, माझी मुदत संपली. वर-खाली होत अखेर १६५६ मध्ये ती जिंकली. तिचा वकील विल्यम ग्रिनस्टेड, त्याच्याशीच तिने लग्न केलं. (वकिलीच्या फीची ही पद्धत आमच्या बार असोसिएशनला कळवू नये.)

आता सहा वर्षांनी काय झालं पाहा. डिसेंबर १६६२, व्हर्जिनियाच्या सभेने कायदा केला: मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या दर्जावरून ठरेल. इंग्रजी परंपरा उलटी करून रोमन कायद्यातलं तत्त्व उचललं, जे तिथेही गुलामांना आणि जनावरांना लागू होतं. गाय ज्याची, वासरू त्याचं. एका ओळीत तीन कामं झाली. मालकाने गुलाम बाईवर हात टाकला तर होणारं मूल म्हणजे लाज नाही, भर. बापावर जबाबदारी नाही. आणि दर वर्षी जहाजाची वाट बघायला नको.

एलिझाबेथचा दुसरा आधार होता बाप्तिस्मा. १६६७ मध्ये कायदा झाला की बाप्तिस्म्याने गुलामाचा दर्जा बदलत नाही. तीही खिडकी बंद. १६६९ मध्ये असा कायदा की शिक्षा करताना गुलाम मेला तर तो खून धरायचा नाही, कारण स्वतःच्या मालमत्तेचा नाश कुणी मुद्दाम करत नसतो. हा युक्तिवाद मी गमतीने लिहिलेला नाही, कायद्यातच तो दिलाय. १६७० मध्ये असं की काळा किंवा स्थानिक माणूस, ख्रिस्ती आणि स्वतंत्र असला तरी, गोरा नोकर ठेवू शकत नाही.

कावळेसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या तारखांत आहे. कुणी एका दिवशी बसून गुलामी स्थापन केली नाही. कुणीतरी कोर्टात जाऊन सुटायचं, आणि ती सुटायची वाट पुढच्या अधिवेशनात बुजवली जायची.

---

तिरफळ

काल रात्री वाचलं आणि झोप गेली. एक बारीक गोष्ट जोडते, बायकांबद्दलचीच. १६४३ मध्येच व्हर्जिनियाने आफ्रिकी बायकांवर डोईपट्टी लावली. गोऱ्या बाईवर ती नव्हती. गृहीत असं की गोरी बाई घरात असते आणि काळी बाई शेतात, म्हणजे ती 'हात' आहे. मेरी जॉन्सनला आगीनंतर जी माफी मिळाली ती या पट्टीची. स्वतंत्र झाल्यावरही नवऱ्याला बायको आणि मुलींपायी तंबाखू भरावा लागत होता, शेजारच्या गोऱ्याला नाही. अँथनीच्या २५० एकराच्या गोष्टीत हा खर्च धरा.

---

बोरूबहाद्दर

सुंदर चर्चा. बेकनच्या बंडाचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? १६७६. नॅथॅनिएल बेकन हा नव्याने आलेला श्रीमंत पोरगा, स्थानिकांच्या जमिनींवर मोकाट हल्ले करू द्या म्हणून गव्हर्नर बर्कलीविरुद्ध उठला. त्याच्यामागे मुदत संपलेले भूमिहीन गोरे, मुदतीतले नोकर आणि काळे गुलामही गेले. सप्टेंबरात जेम्सटाऊन जाळलं. ऑक्टोबरात बेकन हगवणीने मेला आणि बंड विझलं. अगदी शेवटपर्यंत हत्यार न टाकणाऱ्यांत ८० काळे आणि २० गोरे होते म्हणतात. गोरा-काळा गरीब एक झाला याचीच मळेवाल्यांना धडकी भरली आणि म्हणून त्यांनी गुलामी आणली. हाच खरा सांधा.

---

अर्धवकील

बहाद्दर, अर्धं मान्य. ही मांडणी इतकी नीट बसते की मला तिचा संशय येतो. जन्म, बाप्तिस्मा, हत्या, तिन्ही कायदे १६७६ च्या आधीचे आहेत. बंडाने गुलामी आणली नाही, घाई केली. आणि बेकनला गरिबांचा कैवारी करू नका. त्याचा पहिला कार्यक्रम स्थानिकांची घरं जाळणं हा होता, त्यात शांत राहिलेले पामुंकीही सुटले नाहीत.

दुसरी कारणं रुक्ष आहेत पण वजनदार. इंग्लंडात मजुरी सुधारली, तिकडून येणारी पोरं कमी झाली. १६७२ मध्ये आफ्रिकी गुलामांच्या व्यापारासाठी रॉयल आफ्रिकन कंपनी निघाली. १६९८ मध्ये तिची मक्तेदारी मोडली आणि वाटेल तो इंग्रज व्यापारी या धंद्यात उतरला. शिवाय वसाहतीत माणसं आता पूर्वीसारखी पटापट मरत नव्हती. सात वर्षांच्या नोकरापेक्षा जन्मभराचा गुलाम महाग, पण तो पहिल्या दोन उन्हाळ्यांत मरणार असेल तर एवढे पैसे कोण घालील? जगण्याची शक्यता वाढली तसा हिशेब बदलला.

---

नदीतला गोटा

धाग्यावर आपलंही कुणीतरी असावं म्हणून. १६३५ च्या एका जमीनपत्रात जॉर्ज मेनेफी नावाच्या जेम्सटाऊनच्या बड्या माणसाने हेडराइटसाठी जी नावं दिली, त्यांत 'टोनी, ईस्ट इंडियन' असा एक आहे. व्हर्जिनियाच्या कागदांत दिसणारा हा पहिला हिंदुस्थानी मानतात. कोरोमंडल, बंगाल, गोवा, कुठला ते नाव सांगत नाही. त्याच्या डोक्याचीही पन्नास एकर मेनेफीला.

---

रोखठोक_रावसाहेब

ईस्ट इंडियन म्हणजे आमच्या वसईचा!

---

नदीतला गोटा

नाही हो रावसाहेब. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं एकोणिसाव्या शतकात, त्यांची संघटना १८८७ ची. सतराव्या शतकात लंडनकराच्या तोंडी तो शब्द म्हणजे 'तिकडचा कुणीतरी'. हे लोक बहुधा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आधी इंग्लंडात, मग साहेबांबरोबर अमेरिकेत असे गेले. अठराव्या शतकात 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये पळून गेलेल्या ईस्ट इंडियन नोकरांच्या जाहिराती आहेत. पळाले एवढं तरी कळतं.

---

कोरडवाहू

मला राहून राहून मलिक अंबर आठवतोय. हाही आफ्रिकेतून विकला गेलेला, इथिओपियातून. बगदादवरून दख्खनेत आला, निजामशाहीच्या पेशव्याने, चंगीझखानाने विकत घेतला. अँजेला जेम्सटाऊनला उतरली तेव्हा हा निजामशाहीचा कर्ताधर्ता होता, मोगलांच्या नाकात दम आणत होता. त्याने जमीन मोजून, प्रत पाहून सारा बसवला, म्हणजे कावळ्यांच्या बाबांच्या खात्याचा एक मूळ पुरुष हबशी गुलाम होता! त्याच्यामागे मुलगा फत्तेखान वजीर झाला. व्हर्जिनियाच्या १६६२ नंतर असा मुलगा होणं अशक्य होतं. आपल्याकडची गुलामी त्या मानाने माणुसकीची होती, असं म्हणू का?

---

माजघर

नका म्हणू. मलिक अंबर एक झाला म्हणून त्याच बाजारात विकल्या गेलेल्या बाकीच्यांचं काय झालं ते आपण विचारत नाही. लष्करातल्या गुलामाला वर चढायला शिडी होती. घरातल्या गुलाम बाईला नव्हती. पेशवाईतल्या कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद पुणे पुराभिलेखागारात पडलेत, किमतीसकट. गोव्यात मोझांबिकहून माणसं येत होती. फरक आहे, पण तो माणुसकीचा नाही. व्हर्जिनियात दर्जा कातडीला चिकटवला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या आपोआप चालेल अशी कायद्यात सोय केली, हा तो फरक. आपल्याकडे जन्माला चिकटणारा दर्जा वेगळ्या नावाने आधीच होता. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, ती उगाच नाही. त्यांना दोन्हींतलं नातं दिसत होतं.

---

रोखठोक_रावसाहेब

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

चेसापीकचा कावळा

सगळ्यांचे आभार. परवा बाबांना उपसागरावरच्या पुलावरून पलीकडे नेऊन आणलं. हा पूल म्हणजे अठ्ठावीसएक किलोमीटर, मध्ये दोनदा समुद्राखाली बुडी मारतो. पलीकडे ईस्टव्हिल नावाचं झोपाळू गाव. तिथे नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या कोर्टाचं दप्तर आहे, १६३२ पासूनचं. अमेरिकेतलं न तुटलेलं सर्वांत जुनं कोर्टदप्तर हेच. बाबांनी बूट बाहेर काढू का विचारलं. अँथनीची आग, पट्टीची माफी, केसर, सगळं या दप्तरातलं आहे.

पुढची हकिकत अशी. १६६५ च्या सुमारास जॉन्सन मंडळी मेरीलंडमध्ये गेली. जाताना २०० एकर विकली, ५० मुलाला, रिचर्डला, दिली. तिकडे ३०० एकर खंडाने घेतली, नाव ठेवलं 'टोनीज व्हिनयार्ड'. १६७० मध्ये अँथनी वारला. त्याच वर्षी व्हर्जिनियात ज्युरी बसली आणि ठरलं की तो 'निग्रो आणि त्या अर्थी परका' होता, सबब त्याची मागे राहिलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. चाळीसएक वर्षं त्या वसाहतीत राबलेला, पट्टी भरलेला, कोर्टात गोऱ्याविरुद्ध खटला जिंकलेला माणूस मेल्यावर परका ठरला.

बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फेरफाराला हरकत घ्यायला वारस हजर होता ना? मग बेवारस कशी धरली?" नोकरीत त्यांनी असे फेरफार बघितले असणार. कुठल्या गावचे ते मी विचारलं नाही.

अँथनीच्या नातवाने १६७७ मध्ये मेरीलंडमध्ये ४४ एकर घेतली. त्या तुकड्याचं नाव त्याने ठेवलं 'अंगोला'. स्वतः तो तिथे कधी गेला नव्हता, त्याचा बापही नाही.

अर्धवकील, १६९१ आणि १७०५ राहिलं. ते टाका म्हणजे साखळी पुरी होईल.

---

अर्धवकील

थोडक्यात टाकतो, कारण आता वाईट वाटण्यापलीकडे त्यात काही उरत नाही. १६९१: गोऱ्याने काळ्या, मिश्र किंवा स्थानिक व्यक्तीशी लग्न केलं तर हद्दपारी. मालकाने गुलाम मुक्त केला तर स्वखर्चाने त्याला वसाहतीबाहेर पाठवायचा. म्हणजे नवा अँथनी जॉन्सन तयार होण्याची सोयच बंद. १६९९ मध्ये गुलामांच्या डोईवर हेडराइट देणं थांबलं, म्हणजे तोवर गुलाम विकत घेतला की वर जमीनही मिळत होती.

१७०५ मध्ये सगळे सुटे तुकडे एका संहितेत शिवले. गुलाम म्हणजे स्थावर मालमत्ता, जमिनीसारखी वारसाने जाणारी. गुलामांनी स्वतः पाळलेली गुरं, घोडे, डुकरं जप्त करून विकायची आणि पैसा गरिबांना वाटायचा. दुसरीकडे मुदत संपलेल्या गोऱ्या नोकराला मका, रोख आणि एक बंदूक. गोऱ्या ख्रिस्ती नोकराला उघडा करून फटके मारायला न्यायाधीशाची परवानगी लागायची. कुणाच्या हातात बंदूक दिली आणि कुणाच्या गोठ्यातलं डुक्कर नेलं, एवढं पाहिलं तरी पुरे. कायद्याचं बाकी कलम वाचायला नको.

बाबांना सांगा, सुरुवातीला माणूस दाखवून जमीन मिळत होती. शेवटी माणूसच जमिनीच्या रकान्यात गेला.

---

बोरूबहाद्दर

+१. आणि अठराव्या शतकाच्या मध्याला व्हर्जिनियातली साधारण चाळीस टक्के माणसं त्या रकान्यात होती.

---

तिरफळ

आम्ही ऑक्टोबरात रिचमंडला येतोय. पॉइंट कम्फर्ट बघता येतं का? लहान मुलं बरोबर आहेत.

---

चेसापीकचा कावळा

हो, हॅम्प्टनला. तिथे आता फोर्ट मन्रो आहे, समुद्राकाठी मोकळं मैदान, मुलांना मजा येईल. दीपगृहही आहे. याच किल्ल्यात मे १८६१ मध्ये, यादवी युद्ध सुरू झाल्यावर, फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम रात्री होडीने पळून आले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस मागायला आला तर उत्तरेच्या फौजेच्या जनरल बटलरने परत द्यायला नकार दिला. तुम्ही म्हणता ना, गुलाम मालमत्ता आहेत, मग शत्रूची मालमत्ता म्हणून मी जप्त केली! अर्धवकील, हा तुमच्या जातीचा युक्तिवाद. नंतर हजारो लोक त्या किल्ल्याकडे आले.

जेम्सटाऊनला जाताना नदीपलीकडून यायचं असेल तर फेरी फुकट आहे, गाडीसकट. पूल मात्र टोल घेतो.

बाबा गुरुवारी गेले. जाताना पुढच्या वर्षीचं ठरवून गेलेत: मेरीलंड, टोनीज व्हिनयार्ड. मी म्हटलं, बाबा, तिथे आता काही नसणार, झाडं आणि पाणी. म्हणाले, "३०० एकराचा तुकडा आहे म्हणतोस, मग ओढा असेल, वळण असेल. शीव सापडते रे. साखळी बरोबर आणतो."